फातिमा इस्माईल : पोलिओशी झुंजलेली आई

पोलिओ हा पायांचा रोग वाटतो. पण त्याचे मूळ पाठीच्या कण्यात असते. त्याचा विषाणू मज्जारज्जूत शिरला की तेथे दाह होतो आणि स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी मरू लागतात. ताप काही दिवसांत उतरतो. पाय मात्र लुळा पडतो.

चाळीसच्या दशकात हे संकट मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या घरी आले. त्यांचा जन्म १९०३चा, सधन सोबानी घराण्यातला. बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक असूनही गांधीजींचे सहकारी. १९२१ मध्ये परळला विदेशी कापडाची होळी पेटली ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात. सार्वजनिक कामाचा हा वारसा फातिमाबाईंकडेही होता.

त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला, तेव्हा उपचारांची वाट जवळजवळ बंदच होती. क्ष-किरणांत हाडे दिसत, पण मज्जारज्जूतला दाह दिसत नसे. कोणता स्नायू गेला आणि कोणात अजून धुगधुगी आहे, हे डॉक्टरांना हाताने चाचपूनच ठरवावे लागे. फातिमाबाईंनी आशा सोडली नाही. मुलीला घेऊन त्या मद्रासला अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. व्यायाम व मर्दनाच्या दीर्घ उपचारांनी मुलीच्या पायांत हळूहळू बळ येऊ लागले.

दुसरी एखादी आई तेवढ्यावर समाधान मानती. फातिमाबाईंना मात्र मद्रासला जाण्याची ऐपत नसलेल्या घरांतली मुले दिसत होती. १९४७ मध्ये त्यांनी चौपाटीवर मिळालेल्या जागेत पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. त्यातूनच अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था आणि पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तर १९७८ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पोलिओमुक्त भारत त्यांना पाहता आला नाही. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि जळगाव-धुळ्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत लसीचे थेंब पोहोचले. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब केले.

आता मज्जारज्जूतला दाह एमआरआयच्या चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखा दिसू शकतो. त्याने निदानाला आधार मिळतो. मेलेली चेतापेशी मात्र परत येत नाही. त्यानंतर उरते ते रोजच्या व्यायामाचे चिवट काम. चित्राचा आधार नसतानाही फातिमाबाईंनी हे ओळखले आणि ते काम गरिबाच्या मुलापर्यंत नेले.