रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाच्या गाठी मुंबईच्या गिरण्यांत जात. कापूस आपला, पण त्याचे सूत काढणाऱ्या कामगारांची दैना आपल्याला फारशी ठाऊक नसते. ती चव्हाट्यावर मांडणारे पुढारी म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घरची गरिबी होती. रेल्वेत व टपाल खात्यात कारकुनी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नसे व पगाराचा नेम नसे. महात्मा फुल्यांचे अनुयायी असलेल्या लोखंड्यांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालवून ही दुःखे जगापुढे आणली.

१८८१ चा कारखाना कायदा प्रामुख्याने मुलांपुरता होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षा करणारा १८५९ चा कायदा होता. परंतु मजुरांच्या संघटनेस मान्यता देणारा कायदाच नव्हता. अशा काळात सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा भरवली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातून ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ उभी राहिली. तिला ना वर्गणी होती, ना निधी; एकजूट हेच तिचे भांडवल!

२४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्कामोर्तब केले.

१८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंड्यांचे निधन झाले. कामगार संघांना मान्यता देणारा कायदा आला तो १९२६ साली, म्हणजे त्यांच्यामागे २९ वर्षांनी. पुढे राज्यघटनेने संघटना करण्याचा हक्क सर्व नागरिकांना दिला. आधी माणसे एकत्र आली, मग कायदा आला, हीच त्यांच्या चरित्राची शिकवण आहे.

आजही आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बायांना किलोवर मजुरी मिळते. माझी आई त्यांतलीच एक. तिला इतवार नाही. हक्क कागदावर आहे. पण त्या अर्जाखाली सह्या गोळा करणारा लोखंडे आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. तो या महाविद्यालयातून का निघू नये?