विश्लेषण : बायबल तुकोबांच्या वाटेने वाचणारे रेव्हरंड टिळक कोण होते?

टिळक म्हटले की लोकमान्य आठवतात. पण त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, त्याच चित्पावन समाजातले आणखी एक टिळक मराठी घराघरात पोहोचले, ते कवितेमुळे. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. मराठी चर्चमध्ये त्यांची भजने आजही गायली जातात. नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे बहुतेकांना माहीत असते. त्यासाठी घरात काय मोजावे लागले, हे फारसे सांगितले जात नाही.

कल्याणशी त्यांचा संबंध काय?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावचा. प्राथमिक शिक्षण मात्र कल्याणमध्ये झाले, साधारण १८६९ ते १८७३ या काळात. रेल्वे कल्याणला १८५४ मध्येच पोहोचली होती. अंबरनाथ, बदलापूर तेव्हा खेडी होती आणि उल्हासनगर हे नावही नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला ते नाव मिळाले. कल्याणनंतर टिळक नाशिकला गेले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्य शिकले. इंग्रजी शिक्षण अर्धवट राहिले. पुढे शिक्षक, छापखान्यात कंपोझिटर अशा नोकऱ्या करत ते गावोगाव फिरत राहिले.

बायबल हाती कसे आले?

रेल्वेच्या डब्यात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी सहप्रवासी होते. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या आणि उतरताना वॉर्ड यांनी बायबलची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते तेव्हा मनावर घेतले नसावे. पण वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. शत्रूवरही प्रेम करा, उद्याची चिंता करू नका, ही शिकवण त्यांना भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग भीती कशाची होती?

चिंता करू नका म्हणणारे तेच शुभवर्तमान, येशूमुळे घरातली माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहतील, असेही बजावते. एकट्या माणसाला हे वाचणे सोपे आहे. टिळकांना पत्नी होती, लहान मुलगा होता.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. वडिलांचे सोवळे इतके कडक, की मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. विटाळाची भीती घेऊनच ही मुलगी वाढली आणि अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवऱ्याने धर्म बदलल्याचे कळले तेव्हा तिच्यासमोर दोनच वाटा होत्या: जात सोडायची किंवा नवरा असून एकटे राहायचे. तिने दुसरी निवडली. मुलाला घेऊन ती नातेवाइकांकडे राहिली.

१८६६ च्या कायद्याने धर्मांतरित व्यक्तीला एक मुभा दिली होती. जोडीदाराने सोबत राहायला नकार दिल्यास विवाह रद्द करून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या, पण स्वयंपाक वेगळा ठेवून. त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती झाली नाही, आणि टिळकांच्या श्रद्धेची खरी परीक्षा इथेच दिसते. जातिभेद देवाने नव्हे, माणसांनी केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतः विचार करून पटले. मग इतरांच्या हातचे पाणी, जेवण असे करत भीती एकेक पायरी गळाली. १९०० च्या सुमारास त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, तोही विनोद न सोडता.

तुकोबा मध्ये कुठून आले?

मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते. संपूर्ण भाषांतर १८४७ मध्ये झाले होते. अडचण वेगळी होती. मिशनच्या चर्चमध्ये गाणी इंग्रजी चालीवर बसवलेली असत, शब्द मराठी पण कानाला परके. पंडिता रमाबाईंनाही हाच प्रश्न पडला आणि त्यांनी केडगावात साध्या मराठीत बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. टिळकांनी अभंग लिहिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. देवाला माउली म्हणणे वारकऱ्याला नवे नव्हते. टिळकांनी तीच हाक येशूला मारली. टाळ-मृदंगाच्या साथीने ती गाता येत होती.

हे सर्वांना रुचणारे नव्हते. हिंदू समाजाने त्यांना बाहेर टाकले होते आणि मिशनचा पाश्चात्त्य थाट त्यांना खुपत होता. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मात्र अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. म्हणजे ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी समाज सोडावाच लागतो का, हा स्वतःच्या घरात पेटलेला प्रश्नच त्यांनी तिथे सोडवायला घेतला. त्याला वेळ मात्र पुरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘ख्रिस्तायन’ कोणी पूर्ण केले?

येशूचे चरित्र मराठी महाकाव्यात आणायला टिळकांनी १९०९ मध्ये सुरुवात केली होती. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय उरला होता. तो मुलगा देवदत्त यांनी लिहिला.