विश्लेषण : डोंगरावर जन्मलेल्या बाळाचा ऑक्सिजन कमी का दिसतो? शंभर वर्षांपूर्वी जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी काय शोधले?

बाळ जन्मले की अनेक रुग्णालयांत त्याच्या उजव्या हाताला आणि पायाला लाल दिव्याची छोटी पट्टी गुंडाळून ऑक्सिजन तपासला जातो. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरचेच हे रूप. समुद्रसपाटीवरील सुदृढ बाळाचा आकडा एका दिवसानंतर साधारण ९५ किंवा त्याहून जास्त असतो. मात्र तीन हजार मीटरच्या वर जन्मलेल्या, तितक्याच सुदृढ बाळाचा आकडा ९० च्या आसपास किंवा त्याखालीही दिसू शकतो. मग हे बाळ आजारी समजायचे का? या प्रश्नाचा पाया ज्यांच्या संशोधनात सापडतो, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर जोसेफ बारक्रॉफ्ट. त्यांनी उंच डोंगरावरचे रक्तही तपासले आणि गर्भातल्या जिवाचेही.

कोण होते बारक्रॉफ्ट?

बारक्रॉफ्ट यांचा जन्म २६ जुलै १८७२ रोजी आयर्लंडमधील न्यूरी येथे झाला. क्वेकर पंथाचे हे कुटुंब लिननच्या व्यवसायात होते. शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले आणि पुढे तिथेच रमले. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसे पकडते आणि कसे सोडते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. १९१० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी टेनेरिफ बेटावर आणि पुढच्या वर्षी आल्प्समधील मॉन्टे रोझावर जाऊन त्यांनी उंचीचा रक्तावर होणारा परिणाम तपासला.

प्रयोग स्वतःवर करण्याची त्यांची तयारी असे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या काळात हायड्रोसायनिक आम्लाचा वायू भरलेल्या खोलीत ते एका कुत्र्यासोबत मास्क न लावता शिरले आणि कुत्रा कोसळल्यावरच बाहेर आले.

काचेच्या खोलीत सहा दिवस कशासाठी?

त्या वेळी शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद होता. हवा विरळ झाली की फुप्फुसे स्वतः जोर लावून ऑक्सिजन रक्तात ढकलतात, असे जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे मत होते. बारक्रॉफ्ट यांना ते पटत नव्हते. ऑक्सिजन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप जातो, असे त्यांचे म्हणणे.

१९२० मध्ये केंब्रिजमध्ये एका बंदिस्त काचेच्या खोलीत ते सहा दिवस राहिले. खोलीतला ऑक्सिजन हळूहळू कमी करत उंच पर्वतावर असतो तितका खाली आणला गेला. शेवटी त्यांच्या हाताची धमनी उघडून रक्त घेण्यात आले. ते नेहमीपेक्षा काळपट होते. फुप्फुसे जास्तीचा ऑक्सिजन ढकलत असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

आजचा आकडा समजून घेण्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की रक्तात उतरणारा ऑक्सिजनही कमी होतो. मोठ्या माणसाला हा नियम लागू, तसाच नवजात बाळालाही.

पेरूमध्ये त्यांचे काय चुकले?

१९२१-२२ च्या हिवाळ्यात ब्रिटिश आणि अमेरिकी संशोधकांचे पथक घेऊन बारक्रॉफ्ट पेरूतील सेरो दे पास्को या खाणीच्या गावी गेले. हे गाव सुमारे ४,३३० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. पथकाने रेल्वेच्या डब्यात प्रयोगशाळा थाटली. स्वतःच्या आणि स्थानिकांच्या रक्ताची तपासणी झाली. समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांपेक्षा दोघांच्याही रक्तात ऑक्सिजन कमी भरला.

मोजमाप चोख होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष वादग्रस्त ठरला. उंचीवर कायम राहणाऱ्या सर्वांची शारीरिक आणि बौद्धिक क्षमता कमी झालेली असते, अशा आशयाचे विधान बारक्रॉफ्ट यांनी १९२५ च्या पुस्तकात केले. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी त्याला जोरदार विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या या उंचीवर राहून खाणीत राबणारे, मुलेबाळे वाढवणारे लोक दुबळे कसे, हा त्यांचा सवाल होता. अँडीजमधल्या माणसाचे शरीर त्या हवेशी जुळलेले आहे, ही त्यांची भूमिका. काहींचे हे जुळणे पुढे बिघडते, हेही त्यांनीच दाखवले. तो आजार आज मोंगे यांच्या नावाने ओळखला जातो. समुद्रसपाटीची फूटपट्टी डोंगरावर जशीच्या तशी लावू नये, हा धडा या वादातून मिळाला.

गर्भातले बाळ आणि एव्हरेस्ट यांचा संबंध काय?

१९२५ ते १९३७ या काळात बारक्रॉफ्ट केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी नवा विषय हाती घेतला, तो म्हणजे जन्मापूर्वीचा श्वास. मेंढ्यांच्या गर्भांवरील प्रयोगांतून दिसले की, गर्भाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब फारच कमी असतो. इतका कमी की, गर्भाच्या स्थितीची तुलना एव्हरेस्टवरच्या गिर्यारोहकाशी केली जाऊ लागली. ही तुलना किती नेमकी होती, ते २००७ मध्ये दिसले. एव्हरेस्टवर ८,४०० मीटर उंचीवर गिर्यारोहकांच्या धमनीतून घेतलेल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब गर्भाच्या रक्ताइतकाच खाली होता.

तरीही गर्भ वाढतो, कारण त्याची तयारी वेगळी असते. त्याचे हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते. फुप्फुसे बंद असल्याने त्याचे बरेचसे रक्त हृदयातल्या छिद्रातून आणि हृदयाजवळच्या एका जोडवाहिनीतून थेट शरीराकडे वळते.

जन्माच्या क्षणी हे सगळे बदलते. १९३९ मध्ये बारक्रॉफ्ट यांनी कुर्ट क्रेमर आणि ग्लेन मिलिकन यांच्यासोबत, जन्मताना कोकराच्या मानेतील धमनीतला ऑक्सिजन कसा बदलतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन ओळखण्याचे तंत्र वापरले होते. हेच तत्त्व पुढे विकसित होत गेले आणि १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली.

मग आकडा कसा वाचायचा?

पहिली गोष्ट वेळेची. जन्मल्यावर एका मिनिटाला सुदृढ बाळाचा आकडाही ६० ते ६५ टक्के इतकाच असतो. पाच मिनिटांनी तो ८० ते ८५ पर्यंत आणि दहा मिनिटांनी ८५ ते ९५ पर्यंत जाणे अपेक्षित असते. बाळ गर्भातल्या एव्हरेस्टवरून खाली उतरत असते, असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट उंचीची. मुंबईतले बाळ उतरून समुद्रसपाटीवर पोहोचते. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमधले बाळ मात्र उतरूनही उंचावरच राहते. विरळ हवेत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात, जोडवाहिनी बंद व्हायलाही वेळ लागू शकतो.

तिसरी गोष्ट वंशपरंपरेची. तिबेटमधील ल्हासा ३,६५८ मीटरवर आहे. तिथे जन्मलेल्या तिबेटी बाळांच्या रक्तात हान चिनी बाळांपेक्षा जास्त ऑक्सिजन असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उंची एकच असूनही आकडे वेगळे होते.

जन्मजात हृदयविकार शोधण्यासाठी ९५ ची मर्यादा वापरली जाते. ती उंच गावात जशीच्या तशी लावली, तर अनेक सुदृढ बाळांच्या विनाकारण तपासण्या होतात, त्यांना दूरच्या रुग्णालयात हलवावे लागते. याउलट, उंचीमुळे असे होतेच, म्हणून कमी आकड्याकडे दुर्लक्ष केले तर खरोखर आजारी बाळ निसटू शकते. म्हणूनच बाळाचे वय किती तासांचे, गाव किती उंचीवर आणि तिथल्या सुदृढ बाळांचे आकडे काय, हे डॉक्टर सोबत पाहतात. ओठ-जीभ निळसर दिसणे, धाप लागणे, दूध ओढताना दमणे ही लक्षणे असतील, तर उंची कोणतीही असो, बाळाला तातडीने दाखवावे लागते.

बारक्रॉफ्ट यांना १९३५ मध्ये सर हा किताब आणि १९४३ मध्ये रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले. निवृत्तीनंतरही गर्भावरचे त्यांचे काम सुरूच होते. २१ मार्च १९४७ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे डोंगरावरचे मोजमाप आणि गर्भाचा अभ्यास आज एकत्र उपयोगी पडतो, तो उंचावरच्या गावातल्या नवजात बाळाच्या पाळण्याशी.