पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी आणली, पण तिच्या नादात आंद्रे सिट्रोएन यांची कंपनीच हातातून गेली

गाडी पूर्ण वळवताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज यायला लागला की समजायचं, एक्सलचं काम निघालं. रबरी बूट फाटतो, आतलं ग्रीस उडून जातं, धूळ शिरते आणि जॉइंट झिजतो. मग मेकॅनिक चाकाचा नट काढतो, खालचा बॉल जॉइंट सोडवतो, जुना शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढून नवा बसवतो आणि सांडलेलं ऑइल भरतो. झालं काम.

पण ९० वर्षांपूर्वी हाच शाफ्ट एका बड्या उद्योगपतीची डोकेदुखी ठरला होता. त्यांचं नाव आंद्रे सिट्रोएन.

सिट्रोएन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ चा, पॅरिसमधला. घराणं मूळचं डच ज्यू. डच भाषेत या आडनावाचा अर्थच लिंबू, कारण पूर्वज फळं विकायचे. वडील हिऱ्यांचे व्यापारी होते. आंद्रे ६ वर्षांचे असताना वडिलांनी आत्महत्या केली.

पोरगं हुशार निघालं. इंजिनिअरिंग झाल्यावर १९०० मध्ये ते पोलंडला गेले. तिथं त्यांना इंग्रजी व्ही आकाराचे दात असलेले गिअर दिसले. हे गिअर कमी आवाज करायचे आणि जास्त ताकद पेलायचे. त्यांनी पेटंट घेतलं आणि गिअरचा धंदा सुरू केला. आजही सिट्रोएनच्या लोगोत दिसणारे दोन व्ही म्हणजे त्याच गिअरचे दात.

पहिल्या महायुद्धात त्यांनी पॅरिसला सीन नदीकाठी तोफगोळ्यांचा कारखाना काढला. युद्ध संपलं, तोफगोळ्यांचं गिऱ्हाईक गेलं. १९१९ मध्ये त्याच कारखान्यातून मोटारी बाहेर पडायला लागल्या. जाहिरातीत तर त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. १९२५ पासून जवळपास ९ वर्षं आयफेल टॉवरवर दिव्यांनी त्यांचं नाव झळकत होतं.

मग त्यांनी सगळ्यात मोठा डाव खेळला.

तेव्हा बहुतेक गाड्यांची मागची चाकं गाडी ढकलायची. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या थोड्या गाड्या आल्या होत्या, पण मोठ्या प्रमाणावर त्या बनवणं सोपं नव्हतं. कारण पुढचं चाक वळतं, खड्ड्यात वर-खाली होतं आणि तरीही त्याला एकसारख्या वेगानं फिरवावं लागतं. साधा क्रॉस जॉइंट वाकल्यावर प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. त्याचे धक्के थेट स्टेअरिंगला बसतात.

सिट्रोएन यांनी आंद्रे लेफेब्र या इंजिनिअरला कामाला लावलं. १९३३ मध्ये कारखाना पाडून नव्यानं बांधला. १९३४ च्या वसंतात ट्रॅक्शन अव्हाँ ही गाडी आली. वेगळी चासी नाही, हायड्रॉलिक ब्रेक आणि ताकद पुढच्या चाकांना.

पण घाई नडली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऐनवेळी रद्द करावा लागला. सुरुवातीच्या गाड्यांचे ड्राइव्ह शाफ्ट टिकेनात. एकीकडं नव्या गाडीवर आणि कारखान्यावर झालेला अफाट खर्च, दुसरीकडं मंदी आणि नाराज गिऱ्हाईक. १९३४ च्या डिसेंबरमध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. कंपनीकडून सगळ्यात जास्त पैसे येणं असणाऱ्या मिशलिन या टायर कंपनीनं कारभार ताब्यात घेतला.

पुढच्या काही महिन्यांतच, ३ जुलै १९३५ ला, पोटाच्या कॅन्सरनं सिट्रोएन यांचं निधन झालं. वय होतं ५७.

गाडी मात्र सुधारली. जॉइंट बदलले, दोष निघाले आणि १९५७ पर्यंत साडेसात लाखांहून जास्त गाड्या बनल्या. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्याच चाकांवर चालतात. सिट्रोएन यांचा अंदाज बरोबर होता, फक्त तो खरा ठरलेला बघायला ते उरले नाहीत.