वनस्पतींचे उपासक आघारकर

वैशाख महिन्यात जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील माळराने उन्हाने भाजून निघतात. गवत करपते, ओढेनाले कोरडे पडतात. परंतु बांधावरचा हिंगणबेटाचा वृक्ष मात्र तग धरून उभा असतो. त्याच्या फळांचा व सालीचा औषधी उपयोग वैदू लोक पूर्वापार करीत आले आहेत. त्याच्या चिवटपणाचे रहस्य त्याच्या पानांत आणि फांद्यांत दडलेले आहे. त्याच्या प्रत्येक पानाला दोनच पर्णिका असतात. त्या जाड व चिवट असून त्यांच्यावरील मेणचट आवरणामुळे आतील पाणी सहज उडून जात नाही. त्याचे हिरवे, तीक्ष्ण काटे म्हणजे वस्तुतः आखूड फांद्याच होत. पानांप्रमाणे तेही सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात.

हाच वृक्ष अरबस्तानात व आफ्रिकेतही आढळतो. रूक्ष प्रदेशातील अशा वनस्पती मूळच्या कोठल्या आणि त्यांचा प्रसार कसा झाला, या प्रश्नांचा शोध शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी घेतला.

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी कोकणातील मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन 1909 मध्ये ते एम. ए. झाले व तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुटीत ते सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडत. अशाच एका भ्रमंतीत त्यांना नदीच्या गोड्या पाण्यात राहणारा एक छत्रीसारखा चिमुकला जलचर सापडला. त्याचे जातभाई तोपर्यंत केवळ आफ्रिकेतच आढळले होते. त्यामुळे या शोधाने शास्त्रज्ञांना मोठे नवल वाटले.

1914 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांची वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवड केली आणि उच्च अभ्यासासाठी त्यांना जर्मनीस पाठविले. तोच पहिले महायुद्ध भडकले. आघारकर हे ब्रिटिश सत्तेचे प्रजाजन; म्हणून जर्मन सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. स्वदेश दूर, युद्ध कधी संपेल याचा नेम नाही, अशा स्थितीत एखादा खचून गेला असता. आघारकरांनी मात्र धीर सोडला नाही. सुटका होताच ते एंग्लर या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासात गढून गेले. वायव्य भारतातील रूक्ष व खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या प्रसारावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि 1919 मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली.

1920 मध्ये ते कलकत्त्यास परतले. पुढे 1946 पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले व अनेक विद्यार्थी घडविले. निवृत्तीनंतर माणसे विसावा शोधतात. पण त्याच वर्षी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधनसंस्था पुण्यात स्थापन झाली आणि तिच्या उभारणीला आघारकरांनी स्वतःस वाहून घेतले. 2 सप्टेंबर 1960 रोजी त्यांचे निधन झाले. 1992 पासून त्या संस्थेची प्रयोगशाळा आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

हिंगणबेट रूक्ष भूमीतही हिरवे राहते. प्रतिकूल काळात आघारकरांची ज्ञाननिष्ठाही तशीच टवटवीत राहिली.