मतदारसंघाने नाकारलेला घटनाकार

संसदेच्या प्रांगणात ज्यांचा पुतळा उभा आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेवर एकदाही निवडून आले नाहीत. या विसंगतीमागे तत्कालीन काँग्रेसची लाट होती, तशीच मतदारसंघांची रचनाही होती.

मतदारसंघ हा केवळ नकाशाचा प्रश्न नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना, निव्वळ प्रादेशिक मतदारसंघांतून अस्पृश्यांचा प्रतिनिधी निवडून येणार नाही, अशी मांडणी त्यांनी केली. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. १९३७ मध्ये गिरणगावातील भायखळा-परळ या बहुसदस्यीय मतदारसंघातून ते मुंबई विधानसभेवर विजयी झाले. तेव्हा मुंबई प्रांतात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य मतदारांना ती मोठा आधार ठरली.

१९४६ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बळ नव्हते. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून घटना समितीवर गेले. वर्षभरातच फाळणीने बंगालच दुभंगला आणि ते सदस्यत्व संपुष्टात आले. जुलै १९४७ मध्ये बॅ. मु. रा. जयकर यांच्या रिक्त जागेवर काँग्रेसच्या पाठिंब्याने मुंबईतून त्यांची निवड झाली. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

१९५२ ची निवडणूक त्यांनी उत्तर मुंबई शहर या द्विसदस्यीय मतदारसंघातून लढवली. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच. त्यामुळे निष्ठावंत मतदारालाही दोन्ही मते त्यांच्या पारड्यात टाकता येत नव्हती. ही तरतूद असलेला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा त्यांच्याच कायदेमंत्रिपदाच्या काळात संमत झाला होता. नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

१९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हाच प्रकार घडला. हा मराठी जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर मात्र आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले.

१९५५ मध्ये भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी एकसदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा सुचवली. १९३७ चा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचेच सदस्य होते.

१९६१ मध्ये संसदेने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द केले, पण त्यांच्या जागी आले ते एकसदस्यीय मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेत भंडारा-गोंदिया हा नवा मतदारसंघ अस्तित्वात आला. सीमा बदलत राहिल्या. सीमेच्या आतील अल्पसंख्याच्या मताला वजन कसे मिळावे, हा बाबासाहेबांचा प्रश्न मात्र पुनर्रचनेच्या चर्चेत अद्याप क्वचितच उपस्थित होतो.