सेन्सर नव्हते तेव्हाचं ऑटोमेशन: हॅरी फर्ग्युसन आणि ट्रॅक्टरची टॉप लिंक

स्मार्ट शेती म्हटलं की हल्ली ड्रोन, जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर आणि मोबाईलवरून सुरू होणारी विहिरीवरची मोटर आठवते. पण शेतातलं अवजार स्वतःहून निर्णय घ्यायला लागलं, ते एक स्प्रिंग आणि तेलाचा एक व्हॉल्व्ह यांच्या जोरावर, कॉम्प्युटर येण्याच्याही आधी. ते ज्याच्यामुळे घडलं त्या हॅरी फर्ग्युसनचं आडनाव आपण मॅसी फर्ग्युसनच्या बॉनेटवर रोज वाचतो, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

हॅरीचा जन्म १८८४ चा, आयर्लंडमधल्या काउंटी डाऊनचा. घरची शेती होती, पण त्यात त्याचं मन रमेना. तो बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये गेला. ३१ डिसेंबर १९०९ ला त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण! शेती सोडून निघालेल्या या माणसाला पहिल्या महायुद्धाने परत शेतात आणलं. अन्नधान्याची टंचाई होती, म्हणून १९१७ मध्ये आयर्लंडभर फिरून ट्रॅक्टरची नांगरट सुधारायचं काम सरकारने त्याच्याकडे दिलं. बरोबर विली सँड्स नावाचा मेकॅनिक होता. पुढच्या रचनांमध्ये सँड्सचा वाटा फार मोठा आहे, पण नाव मालकाचंच झालं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हे काही वेगळं नाही.

नेमकी अडचण काय होती?

तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैल. नांगर मागे साखळीने किंवा दांड्याने जोडायचा आणि ओढायचा. फाळ दगडात अडकला की नांगर थांबायचा, पण इंजिन थांबायचं नाही. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि तो मागे, थेट चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. माणसं मरायची. शिवाय चाकांना पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर वजनदार करावा लागे. वजन वाढलं की किंमत वाढते, जमीन दाबली जाते, आणि लहान शेतकऱ्याला तो परवडत नाही.

फर्ग्युसनने नांगर ओढणं सोडून तो ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडला. खाली दोन दांडे, वर मधोमध एक. हीच आपली थ्री-पॉइंट लिंकेज, आणि वरचा दांडा म्हणजे टॉप लिंक. जमीन कडक लागली की नांगर पुढे कलायला बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरकडे ढकलली जाते. त्यामुळे ट्रॅक्टरचं पुढचं टोक वर न उठता खाली दाबलं जातं. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून हलक्या ट्रॅक्टरलाही चांगली पकड मिळते.

आता खरी कमाल. टॉप लिंकच्या टोकाला त्याने स्प्रिंग बसवली. ओढ ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढली की स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह हलतो, हायड्रोलिक लिफ्ट नांगर थोडा वर घेते. ओढ कमी झाली की नांगर पुन्हा खाली. मोजा, तुलना करा, दुरुस्त करा, परत मोजा. आम्ही कोडमध्ये लिहितो तो फीडबॅक लूप, फक्त इथे तो लोखंडात आणि तेलात लिहिलेला आहे. या कल्पनेचं पेटंट १९२६ चं. मला विमानापेक्षा हीच गोष्ट जास्त भारी वाटते.

१९३८ मध्ये त्याने अमेरिकेत हेन्री फोर्डला हे प्रत्यक्ष दाखवलं. दोघांनी हात मिळवले आणि करार झाला. कागद नाही, सही नाही! १९३९ मध्ये फोर्डचा ९एन ट्रॅक्टर बाजारात आला. तो आणि त्याचाच भाऊ २एन मिळून सुमारे ३ लाख निघाले. मग हेन्री फोर्डच्या नातवाने कंपनीची सूत्रं हातात घेतली, करार मोडला, आणि तीच लिफ्ट असलेला स्वतःचा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचा दावा लावला. १९५२ मध्ये तडजोडीत ९२.५ लाख डॉलर मिळाले. एवढी कल्पना एका हस्तांदोलनावर सोडणं मला तरी झेपलं नसतं.

तोवर इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला त्याचा छोटा करडा टीई२० बनू लागला होता. १९४६ ते १९५६ या काळात ५ लाखांहून जास्त तयार झाले. एडमंड हिलरी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला, तो याच ट्रॅक्टरांवर. १९५३ मध्ये फर्ग्युसनने आपला धंदा मॅसी-हॅरिसमध्ये मिसळला, पण तिथे त्याचं फार काळ पटलं नाही. १९६० मध्ये झोपेच्या गोळ्यांच्या जादा डोसने तो गेला. चुकून की मुद्दाम, हे चौकशीत ठरलं नाही.

आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये स्प्रिंगऐवजी इलेक्ट्रॉनिक पिन ओढ मोजते आणि व्हॉल्व्ह कॉम्प्युटर हलवतो. लूप मात्र तोच. आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीत एडीडीसी असं लिहिलेलं असतं ना, म्हणजे ऑटोमॅटिक डेप्थ अँड ड्राफ्ट कंट्रोल, ते हेच. सीटजवळ दोन लिव्हर असतील तर त्यातला एक अवजाराची उंची ठरवतो आणि दुसरा ओढ. रानात कुठे मुरूम, कुठे मऊ माती असेल, तर नांगरताना ओढीचा लिव्हर वापरून बघा. टणक पट्टा आला की नांगर आपोआप किंचित वर येईल.